यादीत काय नाही?

(बडोद्याच्या दांडिया बाजारात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 25 फेब्रुवारी 2022. युक्रेनवरच्या हल्ल्याचा दुसरा दिवस. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत निषेधाच्या ठरावावर मतदान झालं. बाजूने 11, विरोधात 1, तटस्थ 3. तटस्थांत चीन, संयुक्त अरब अमिराती आणि आपण. विरोधाचं ते एक मत रशियाचं, आणि रशियाला नकाराधिकार असल्याने त्या एका मताने ठराव पडला. परिषदेचं अध्यक्षपद दर महिन्याला फिरतं, ते त्या महिन्यात रशियाकडेच होतं. म्हणजे आरोपीच सभेचा अध्यक्ष, आणि निकालावर सहीही त्याचीच.

कुणी विचारेल, ज्याच्यावर आरोप आहे त्याला मत कसं देता येतं? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 27व्या कलमात तशी बंदी आहे: वादातल्या पक्षाने मतदानापासून दूर राहावं. पण ती सहाव्या प्रकरणापुरती, म्हणजे वाटाघाटी आणि समेट यांच्यापुरती. निर्बंध आणि लष्करी कारवाई सातव्या प्रकरणात येतात, तिथे ही बंदी लागू नाही. सनद लिहिणाऱ्यांनी हे चुकून ठेवलेलं नाही. नकाराधिकाराशिवाय बडी राष्ट्रं आतच आली नसती.

यातून एक पळवाट आहे आणि ती 3 नोव्हेंबर 1950 पासून आहे. परिषद नकाराधिकारामुळे अडली, तर विषय आमसभेकडे, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या सभेकडे न्यायचा. ‘आमसभा बोलवा’ हा प्रश्न कामकाजाचा मानला जातो आणि कामकाजाच्या प्रश्नावर नकाराधिकार चालत नाही, 9 मतं पुरतात. 27 फेब्रुवारीला नेमकं तेच झालं. मतं पुन्हा 11, 1 आणि 3. परवा पडलेला आकडा आज पास. 2 मार्चला आमसभेत 141 देश निषेधाच्या बाजूने उभे राहिले, 5 विरोधात, 35 तटस्थ. ते पाच म्हणजे रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, एरिट्रिया, सीरिया.

पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. त्याचं वजन किती, हे आपल्याला बाहेरून शिकायला नको. 7 डिसेंबर 1971 ला याच आमसभेने 104 विरुद्ध 11 मतांनी युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या म्हणून सांगितलं होतं. आपण थांबलो नाही. 16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली. आपली बाजू न्यायाची होती असं आपण म्हणतो, मीही म्हणतो. पण हात मोजले तर 104 आपल्या विरुद्धच होते.

मग एखाद्याला खरोखर थांबवतं काय? 1956 चं उदाहरण घ्या, कारण तिथे दोन प्रकरणं एकाच पंधरवड्यात शेजारी शेजारी घडली. इजिप्तच्या सुएझवर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स तुटून पडले. परिषदेत ब्रिटन-फ्रान्सचा नकाराधिकार, विषय आमसभेत, ठराव मंजूर. इकडे पौंड घसरत होता आणि लंडनची गंगाजळी आटत होती. अमेरिकेने कळवलं, आधी युद्धबंदी, मग नाणेनिधीचा पैसा. 6 नोव्हेंबरला मध्यरात्री ब्रिटनची बंदूक थांबली. त्याच आठवड्यात, 4 नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. या वेळी नकाराधिकार सोव्हिएतांचा, पण तीच आमसभा, तसाच ठराव. काहीही झालं नाही. सुमारे 2 लाख हंगेरियन माणसं सीमा ओलांडून गेली. पौंडाची दोरी वॉशिंग्टनच्या हातात होती, मॉस्कोची कुठलीच दोरी कुणाच्या हातात नव्हती, एवढाच फरक. (आपण सुएझवर जितक्या मोठ्या आवाजात बोललो तितक्या हंगेरीवर बोललो नाही, हेही नोंदवून ठेवतो.)

म्हणून माझी पद्धत अशी आहे. निषेधाची भाषा बाजूला ठेवायची, निर्बंधांची यादी मागवायची आणि तिच्यात काय नाही ते बघायचं.

1935 ची यादी तर नमुनेदार. ऑक्टोबरात इटली अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसली. राष्ट्रसंघाचे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचे) निर्बंध 18 नोव्हेंबरला लागू झाले. इटलीला काय विकायचं नाही? घोडे, खेचरं, गाढवं, उंट. रबर, कथील, अ‍ॅल्युमिनियम, लोखंडाचं खनिज. आणि काय विकायला मोकळीक? पेट्रोलियम, कोळसा, पोलाद. खनिज बंद, तयार पोलाद चालू. उंट बंद, ट्रकचं तेल चालू. सुएझ कालवाही उघडा, इटलीचं सैन्य तिथूनच जात होतं. तेल बंद केलं तर मुसोलिनी आपल्याशीच लढेल, ही लंडन-पॅरिसची भीती. मे 1936 मध्ये अदिस अबाबा पडलं, जुलैत निर्बंध उठले.

उलट 1990. इराक 2 ऑगस्टला कुवेतमध्ये शिरला, 6 ऑगस्टला सुरक्षा परिषदेचा ठराव 661. औषधं आणि माणुसकीच्या नात्याने दिलेलं अन्न सोडून सगळं बंद. इराकचं तेल बाहेर जाण्याच्या वाटाच मोजक्या होत्या: तुर्कीतून एक पाइपलाइन, सौदीतून दुसरी, आणि आखात. तिन्ही त्याच महिन्यात बंद झाल्या. तरीही सैन्य हटलं नाही, ते जानेवारी 1991 मध्ये युद्ध सुरू झाल्यावरच हटलं. नुकसानभरपाई इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून कापून घेतली, 52.4 अब्ज डॉलर, शेवटचा हप्ता 2022 मध्ये. इतकी एकजूट झाली, कारण बड्या राष्ट्रांपैकी कुणाचंच इराकच्या तेलावाचून अडत नव्हतं आणि मॉस्को तेव्हा स्वतःच मोडकळीला आलं होतं.

आता रशियाची यादी. मध्यवर्ती बँकेचे सुमारे 300 अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांत गोठवले. हे जबर पाऊल होतं आणि मॉस्कोलाही अनपेक्षित. पण स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून, बँका काढताना मार्च 2022 मध्ये फक्त सात काढल्या. स्बेरबँक आणि गॅझप्रॉमबँक ठेवल्या, कारण युरोपच्या गॅसचं बिल त्यांच्यातून चुकतं व्हायचं. हे 1935 चंच पोलाद.

तेलाच्या बाबतीत 5 डिसेंबर 2022 पासून पाश्चात्त्य देशांनी वेगळी युक्ती लढवली. तेल वाहू द्या, भाव बांधा: पिंपाला 60 डॉलर. पण भावाचा पहारा कुणी करायचा? विम्याने. समुद्रावरच्या बहुतेक मोठ्या जहाजांचा दायित्व-विमा (जहाजामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) जहाजमालकांच्या मोजक्या क्लबांकडे असतो, त्यांचं मुख्य ठाणं लंडन. खरेदी 60 च्या आत, असं हमीपत्र असेल तरच विमा. हे फसलं कसं? एक, 60 हा बंदरावरचा भाव होता, जहाजाचं भाडं वेगळं. समजा बंदरावर 59 दाखवले आणि भाड्यात 10 फुगवले. कागद स्वच्छ, पैसे पूर्ण. दोन, रशियाने जुनी टँकर जमवली, दुसऱ्या देशांचे झेंडे लावले आणि विमाही दुसरीकडून घेतला. मग हमीपत्र मागणार कोण? तीन, आपल्या कंपन्या बहुधा ‘माल दारात पोचवा’ अशा अटीवर घेतात. जहाज, विमा, जोखीम सगळी विकणाऱ्याची. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल 2 टक्क्यांच्या आत होतं, पुढच्या वर्षी ते तिसऱ्या हिश्श्यावर गेलं.

इथे बडोद्याजवळचं आपलं कोयली आठवतं. सोव्हिएत मदतीने उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना, 1965 पासून चालू, 2024 मध्ये वर्षाला 13.7 दशलक्ष टन क्षमता. परदेशी कच्चं तेल तिथे किनाऱ्याकडून पाइपलाइनने येतं. अशा कारखान्यांत बहुधा दोन-चार देशांचं तेल मिसळून शुद्धीकरणाच्या एका स्तंभात चढवतात, म्हणजे उत्पादनाचा मेळ बसतो. स्तंभाच्या मधल्या भागातून निघतं ते डिझेल, आणि नियमाप्रमाणे त्याचा देश भारत. युरोप रशियाचं कच्चं तेल घेत नव्हता, पण भारताचं डिझेल घेत होता. तीन वर्षं हे दोन्ही बाजूंना सोयीचं होतं, म्हणून कुणी फारसं बोललं नाही. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने ठरवलं, जानेवारी 2026 पासून रशियन कच्च्या तेलापासून केलेलं डिझेलही नको, मूळ तेल कुठलं याचा पुरावा द्या. भावाची मर्यादाही 47.6 डॉलरवर आणली. आता प्रश्न पुराव्याचा. मिसळलेल्या तेलातून निघालेल्या डिझेलचा नमुना बाटलीत घेऊन त्यात मॉस्को किती, इराकचं बसरा किती, हे प्रयोगशाळेत सांगता येईल, या भरवशावर कुणी राहू नये. शेवटी पुरावा तोच: कुठल्या टाकीत कुठल्या तारखेला काय उतरलं, याची वही. आणि ती वही लिहिणारा आपलाच माणूस.