एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे हाड शाबूत असं नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय खुरातल्या लपलेल्या फ्रॅक्चरसाठी एमआरआय आणि सीटीचा. त्याकडे येणारच आहे. पण आधी साध्या एक्स-रेबद्दल बोलायला हवं, कारण घोडा फसतो तो तिथेच.

काल धावलेला घोडा आज पाय टेकत नाही. खूर गरम, वरची नाडी ठणठण उडतेय, चिमट्याने दाबलं की पाय हिसकावतो. सगळे म्हणतात, पू झालाय. बहुतेकदा असतोही. पण थोडं कोरून पू निघाला नाही, तर कृपा करून हात थांबवा! आणखी खोल गेलात की तळवा पातळ होतो, रक्त येतं, आणि मग नसलेला पू खरोखर होतो.

एक्स-रे काढताना नाल पायातच असते, ही माझी जुनी तक्रार. नालेच्या सावलीत भेग लपते. उलट तळव्याच्या खाचेत अडकलेली हवा काळी रेघ काढते आणि ती फ्रॅक्चर म्हणून वाचली जाते. म्हणून नाल काढा, खूर ब्रशने घासा, खाचांत मुलांची खेळायची माती बुडबुडा न ठेवता दाबून भरा. तरीही शंका राहिली तर रेघ कुठवर जाते ते पाहा. हाडाची कड ओलांडून पुढे गेली, तर ती खाचेची.

आता कोन. किरण भेगेच्या पातळीतून गेला तरच भेग दिसते, थोडा तिरका पडला की ती गायब. बाजूने एक, समोरून 60 ते 65 अंशांवर एक, एवढ्यावर भागत नाही. पेडल बोनच्या, म्हणजे खुराच्या आतल्या हाडाच्या, पंखातली (मागे निघालेल्या बाजूच्या टोकातली) भेग पुष्कळदा तिरक्या चित्रातच सापडते, तेव्हा दोन्ही तिरकी हवीतच. इथे एक सांगून ठेवतो. अमेरिकेत घोडे डावीकडे वळत धावतात, म्हणून तिकडे पुढच्या डाव्या पायाचा बाहेरचा आणि उजव्याचा आतला पंख जास्त मोडतो. मुंबई-पुण्याची वळणं उजवीकडची आहेत. तिकडचं वाचून इकडचा पाय ठरवू नका.

काहीच दिसलं नाही तर घोडा तबेल्यात बांधून ठेवा आणि 7 ते 14 दिवसांनी पुन्हा चित्र घ्या. तोवर भेगेच्या कडा झिजून ती रुंद झालेली असते. नस बधिर करून चालवून बघायची घाई नको. दुखायचं थांबलं की तो पूर्ण भार टाकतो आणि जागेवरचा तुकडा सरकतो.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली, म्हणून भराभर सांगतो. बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी औषध देऊन 2-3 तासांनी चित्र घेतात. दुखणं कुठे आहे ते कळतं, काय आहे ते नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत ताजी भेग चमकेलच असं नाही, आणि पाय थंड असेल तर औषध खुरात पोचत नाही, म्हणून आधी पाय गुंडाळा. उभ्या घोड्याचा एमआरआय 0.27 टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). हाडातली सूज, म्हणजे भेगेआधीची इजासुद्धा, तो दाखवतो. पण खिळ्याचा कण राहिला तरी चित्र बिघडतं, म्हणून आधी एक्स-रेने खूर तपासा. सीटीत ही सूज दिसत नाही, मात्र भेग सांध्यात शिरली का, स्क्रू कुठून घालायचा, हे सीटीइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

आणि सांध्यात न गेलेली भेग अनेकदा तंतूंनी भरते, हाडाने नाही. तिची रेघ वर्षानंतरही एक्स-रेवर दिसू शकते. अशा घोड्याला पुन्हा कामाला लावायचं की नाही, ते त्याला कडक जमिनीवर, वळणावर चालवून ठरवा.