नळदुर्गचा पूल आणि आधी वार करायचा प्रश्न

हा नळदुर्गचा किल्ला, आणि ड्रोनमधून खाली दिसतेय ती बोरी नदी. पावसाळ्यात पाणी महालावरून नर-मादी धबधबे सुरू झाले की सोलापूरपासून पब्लिक येतं, सेल्फी, भजी, आणि घरी. 13 सप्टेंबर 1948 ला मात्र सोलापूरकडून भारतीय फौजेचे रणगाडे आले. बोरीवरचा पूल निजामाच्या फौजेनं उडवला असता तर हैदराबादचा रस्ताच अडकला असता, म्हणून सातव्या ब्रिगेडनं आधी पूल धरला, तो पण धडधाकट, मग शीख पलटण नळदुर्गच्या ठाण्यांवर तुटून पडली. 17 तारखेला निजाम शरण, पाच दिवसांत विषय संपला, हीच ती पोलीस ॲक्शन.

आता, समोरच्याच्या आधी आपणच वार करावा का, यावर ही हॉटेलातली पोरं ऐका.

"समोरचा मारणार हे कळलंय तर कामून थांबायचं? 5 जून 1967, इस्रायलनं इजिप्तची विमानं धावपट्टीवरच जाळली, जिंकले की नाही?"

"अन् इराक? 2003 ला अमेरिका घुसली, संहारक शस्त्रं आहेत म्हणून, सापडली का एक तरी?"

"पाकिस्ताननं पण 3 डिसेंबर 1971 ला आपल्या विमानतळांवर आधी बॉम्ब टाकले, तेरा दिवसांत ढाका गेलं."

मागच्या बाकड्यावरचे काका चहाची बशी खाली ठेवतात. "मग आपली पोलीस ॲक्शन काय होती रे?"

पोरं गप्प. निजाम स्वतःला वेगळा देश म्हणवत होता, भारत हल्ला करणार म्हणून ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेत तक्रार पण टाकली होती. पण इथं अंदाजावर काही चाललं नव्हतं हो, नोव्हेंबर 1947 ला भारत अन् निजामात जैसे थे करार झाला, म्हणजे सध्या आहे तसंच चालू द्यायचं, बोलणी महिनोन्‌महिने चालली, आणि तिकडं लातूरचा वकील कासिम रझवी, त्याचे रझाकार, म्हणजे त्याची खासगी सशस्त्र टोळी, गावं लुटत जाळत सुटले होते. होणार म्हणून मारणं वेगळं, होतंय म्हणून मारणं वेगळं.

नंतर धाराशिव, नांदेड, बिदर, गुलबर्गा भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं संस्थानभरात 27 ते 40 हजार मेल्याचा अंदाज दिला आणि अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. त्याचं फुटेज आपल्याकडं नाही.

"मग बरोबर होतं का चूक?" पोरगं कॅमेऱ्याकडं बघून विचारतं. काका म्हणतात, "फौज यायलाच पायजे होती. आल्यावर गावागावात बंदोबस्त कुणाचा होता, ते विचार."