वारो खयसून येता?

(देवगडमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी खवळलेला समुद्र माझ्यापेक्षा जास्त वेळा आणि जास्त जवळून पाहिलाय. त्यामुळे आज जरा धास्ती आहे. मुंबईत काम दाखवताना ती नसते.

मी संगणकावर खोटा समुद्र तयार करतो. काही वर्षांपूर्वी एका जाहिरातीसाठी दृश्य हवं होतं: भर वादळ, आणि त्यात समुद्रात उभ्या पाच पवनचक्क्या. महिनाभर खपलो. मे महिन्यात गावी आलो तेव्हा मोठ्या हौसेने लॅपटॉप उघडून मामांना दाखवलं. मामांचा सगळा जन्म तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख म्हणून गेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "ह्या काय रे? टोपातला पाणी ढवळल्यासारख्या दिसता." मग विचारलं, "वारो खयसून येता?"

वारा कुठून येतो? मला उत्तर देता येईना.

आधी टोपाचं बघू. मी ब्लेंडर नावाचं चलचित्रं बनवायचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, मुलांनो, लिहून घ्या. त्यात समुद्र करायची सोय तयार मिळते. पण ती उघडताच पाण्याचा जो चौकोन येतो तो ५० मीटरचा असतो. त्या चौकोनात ५० मीटरपेक्षा लांब लाट बसूच शकत नाही. वादळात एका शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंतचं अंतर १५०-२०० मीटर सहज असतं. मी तोच चौकोन ताणून, आजूबाजूला जोडून, त्यात पवनचक्क्या रोवल्या होत्या.

आणि लाटेची लांबी चुकली की वेगही चुकतो. खोल पाण्यात लाट जितकी लांब तितकी ती जोरात धावते, पण वेग वाढतो तो लांबीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने. १ मीटर लांबीची लाट तुमच्यासमोरून पाऊण सेकंदात निघून जाते. १०० मीटरची ताशी ४५ किलोमीटरने धावते, तरी तिचा पुढचा शेंडा यायला ८ सेकंद लागतात. २०० मीटरच्या लाटेला अकरा. जेट्टीवर उभं राहून मोजून पाहा. मोठी लाट डोळ्यांना संथच वाटते, आणि भीती वाटते ती त्या संथपणाची. माझं पाणी लगबग करत होतं, म्हणून मामांना टोप आठवला.

या लाटा येतात कुठून? एक लाट काढणं सोपं आहे. तिच्यावरचा पाण्याचा कण गोल फिरतो आणि त्यामुळे शेंडा टोकदार, खळगा पसरट होतो, हे गेर्स्टनर नावाच्या गणितज्ञाने १८०२ मध्येच मांडलं होतं. खरा समुद्र म्हणजे अशा हजारो लहानमोठ्या लाटांची बेरीज. कुठल्या लांबीच्या लाटेत किती जोर घालायचा याची कोष्टकं समुद्रशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजमापांवरून बांधली. त्यातलं जॉन्स्वॅप नावाचं कोष्टक युरोपातल्या उत्तर समुद्रातल्या मोजणीतून १९७३ मध्ये आलं. ही बेरीज संगणकाला झटपट करायला लावण्याची रीत जेरी टेसनडॉर्फ या संगणकचित्रणातल्या तज्ज्ञांनी चित्रपटवाल्यांपर्यंत नेली, आणि आजही बहुतेक खोटे समुद्र त्याच रीतीने हलतात.

इथे माझी आणखी एक चूक सांगतो. ब्लेंडरमध्ये पाणी किती खोल याचा आकडा मी होता तसाच ठेवला होता: २०० मीटर. तळात रोवलेली पवनचक्की साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंतच उभी करतात. आणि २०० मीटर लांबीच्या लाटेला १०० मीटर खोलीपासूनच तळ जाणवायला लागतो. ती आखडते, उंचावते. म्हणजे माझ्या चक्क्या उथळ पाण्यात होत्या आणि लाटा भर समुद्रातल्या.

आता मामांचा दुसरा प्रश्न. त्या दृश्यातलं एकेक त्यांनी बोटाने दाखवलं. लाटा डावीकडून येत होत्या. पाऊस उजवीकडे कलला होता. फेसाचे पट्टे तिसरीकडेच. आणि चक्क्या? सारख्या दिसू नयेत म्हणून मी प्रत्येकीचं तोंड थोडं थोडं वेगळीकडे वळवलं होतं! पवनचक्कीचा माथा स्वतःहून वाऱ्याकडे तोंड करतो. शेजारच्या पाच चक्क्या पाच दिशांना बघतायत म्हणजे पाच वारे झाले. इथे पठारावर जाऊन आपल्या देवगडच्या पवनचक्क्या बघून आलो असतो तरी कळलं असतं, पण शहाणपण घराबाहेर शोधायची सवय.

मग सगळं पुसलं आणि आधी वारा ठरवला. नैऋत्येचा. पाऊस त्याच्याबरोबर तिरपा, फेसाचे लांब पांढरे ओरखडे त्याच दिशेला. फेस कुठे यावा हेही गणितच सांगतं: लाटेचा पृष्ठभाग जिथे स्वतःवर दुमडतो तिथे शेंडा फुटला. पण फुटला की लगेच पुसायचा नाही. तो मागे रेंगाळतो, जाळी होते, मग विरतो. एक अपवाद मात्र मुद्दाम ठेवला. लांबून, दुसऱ्याच वादळातून आलेल्या लाटा इथल्या वाऱ्याला जुमानत नाहीत. त्यांची एक वेगळी रांग तिरकी घातली आणि पाणी एकदम बेभरवशाचं दिसायला लागलं.

रंगाबद्दल थोडक्यात. निळा विसरा. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत फेकतं, पण दूरवर, तिरप्या नजरेला ते जवळजवळ आरसा होतं. म्हणजे जूनमध्ये दूरचा समुद्र ढगांच्या रंगाचा. आणि खाडीच्या तोंडाशी? लाल माती उतरते हो तिथे. तो चहाचा रंग कुठल्याही तयार संग्रहात मिळत नाही.

राहिली पाती. यावर त्या जाहिरातवाल्यांशी माझं वाजलं. आज संशोधक नमुना म्हणून वापरतात त्या १५ मेगावॅटच्या चक्कीचा घेर २४० मीटर व्यासाचा आहे. तिची एक फेरी सुमारे ८ सेकंदांची, आणि तेवढ्यात पात्याचं टोक ताशी ३४० किलोमीटरने जातं. मी टेबलफॅनसारखी फिरवली होती. त्याहून वाईट म्हणजे, सेकंदाला २५ मीटरच्या वर वारा गेला की चक्की काम थांबवते. पाती कडेवर वळून वाऱ्याला धार दाखवतात आणि फार तर हळू डुलत राहतात. ब्लेंडरमध्ये वाऱ्याचा आकडा सुरुवातीलाच सेकंदाला ३० मीटर असतो. तो मी बदललाच नव्हता. म्हणजे माझ्याच वाऱ्यात माझ्या चक्क्या बंद हव्या होत्या. हे सांगितलं तर समोरून उत्तर आलं, "बंद चक्की कोण विकत घेईल?" शेवटी वारा २० वर आणला, पाती फिरती ठेवली. त्या वेगाचं वादळही काही कमी नसतं.

पण माझ्यापुरती एक दुसरी आवृत्ती केली. ३० मीटरचा वारा, पाती थांबलेली, तोंडं सगळी नैऋत्येला. तीच आता दाखवतो. कुणीतरी दिवे बंद करा. आणि हो, डाव्या कडेला पाण्याचा एक तुकडा पुन्हा तसाच येतो, मला अजून लपवता आलेला नाही. मामांना तो दुसऱ्या मिनिटाला सापडला होता.