जोर लावायचा नाही

[पडदा काळा. फक्त आवाज: पितळी वाटीत फिरणारा ब्रश.]

हा आवाज ओळखीचा वाटला ना? मग तुमच्याही घरात कुणीतरी खिडकीच्या गजाला आरसा अडकवून, पाटावर बसून दाढी करत होतं.

[दुकान, आतून. शटर अर्धं वर.]

सोलापूर, साखर पेठ. सकाळचे साडेसहा. पेठेत यांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. संत सेना महाराजांच्या तसबिरीला हार घातला, उदबत्ती लावली, की अण्णा स्टोव्हवर पाणी ठेवतात. गिऱ्हाईक तेलुगूत बोललं तर अण्णा तेलुगूत बोलतात, कन्नडमध्ये बोललं तर कन्नडमध्ये. पण सकाळच्या या पहिल्या अर्ध्या तासात ते कुणाशीच बोलत नाहीत.

[जवळून: मगमधला ब्रश, वर येणारे बुडबुडे.]

ब्रश पाण्यात बुडवून ठेवलाय तो मुद्दाम. हे डुकराचे केस, राठ असतात. कोरडा ब्रश गालाला लावला तर टोचेल. पाणी प्यायला की नरम पडतो. वापरता वापरता एकेका केसाचं टोक फुटत जातं, म्हणून जुना ब्रश नव्यापेक्षा मऊ लागतो. नवा ब्रश आणला की अण्णा आठवडाभर तो नुसता साबणात घोळवतात, तोवर कुणाच्या गालाला लावत नाहीत.

[दोन कळश्या. एकीवर झाकण.]

या दोन कळश्या नीट बघा. झाकणाच्या कळशीत नळाचं पाणी आहे, उजनीचं. दुसरीत बोअरचं. नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. आलेल्या पाण्यातली एक कळशी मात्र अण्णा दाढीसाठी बाजूला काढतात. बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा चिकट साका होतो. फेस व्हायच्या आधीच साबण वाया जातो. बोअरच्या पाण्यात घोटलेला फेस गालावर टिकत नाही, विरतो. त्या कळशीतलं पाणी हात धुवायला आणि फरशी पुसायला.

[वाटी, वरून. ब्रश फिरतोय.]

वाटीतली वडीही अंगाच्या साबणाची नाही. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्यावर करतात. दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅशही घालतात, आणि स्टिअरिक आम्ल जास्त. पोटॅशमुळे साबण पाण्यात चटकन सुटतो, स्टिअरिकमुळे फेस दाट होतो आणि तग धरतो.

सुरुवातीला मोठे फुगे येतात. तो अजून फेस नाही. चार थेंब पाणी, पुन्हा घोटायचं. अजून दोन थेंब. आता फुगे बारीक होत चाललेत. दह्यावरच्या सायीसारखी लकाकी दिसली, ब्रश उचलल्यावर शेंडा उभा राहून किंचित वाकला, की झालं.

[पुढचे दहा सेकंद निवेदन नाही. ब्रश गालावर.]

अण्णांनी उठून फॅन बंद केला, पाहिलंत? मे महिन्यात इथं पारा ४४च्या आसपास जातो. फॅनखाली फेस दोन मिनिटांत सुकतो आणि सुकलेल्या फेसावर पत्ती खरडत जाते. ब्रशनं चोळायचं ते केस भिजावा म्हणून. केस उभा राहतो, दोन-तीन मिनिटं पाणी पितो आणि मऊ होतो. कोरडा केस तारेसारखा असतो. भिजलेला केस कापायला फार कमी जोर लागतो.

[आवाज: कट्.]

कागदातल्या कागदात पत्ती दुमडली आणि तिचे दोन भाग झाले. एक भाग वस्तऱ्यात गेला, दुसरा कागदातच राहिला, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. टोपाझ असो की सेव्हन ओ'क्लॉक, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी धार. एड्सची माहिती गावोगाव पोहोचली तेव्हापासून ही पद्धत पक्की झाली.

[लाकडी खण. फडक्यात गुंडाळलेला जुना वस्तरा.]

त्याआधी हा होता, अण्णांच्या वडिलांचा. पात्यावर जर्मनीतल्या सोलिंगेन गावाचं नाव अजून वाचता येतं. वस्तऱ्याच्या पात्यांसाठी जगभर दोन गावं नावाजलेली, इंग्लंडमधलं शेफिल्ड आणि हे. आता तो गिऱ्हाइकाला लावत नाहीत. आम्ही विनंती केली म्हणून अण्णांनी पट्ट्यावर फिरवून दाखवला.

[चामड्याचा पट्टा. वस्तरा जातो, येतो.]

पाठ पुढे, धार मागे. पट्ट्याच्या टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटायचा, धारेवर कधीच नाही. नाहीतर पट्टा चिरतो आणि धारही मरते. हाताला लय आहे, पण घाई नाही. साठ फेरे आम्ही मोजले. अण्णांनी मोजले नाहीत.

[जोडभावी पेठ. मंगळवार बाजार. गोणपाटावर लोखंडी सामान.]

जोडभावी पेठेतला मंगळवार बाजार. जुनी कुलपं, पान्हे, सायकलच्या घंटा, घड्याळांचे सांगाडे. आणि या ढिगात, कळकट झालेला, हा रेझर.

[रेझर तळहातावर. मग तुरटीशेजारी, धुतल्यावर.]

कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. एवढंच केलं. आत पितळ आहे, वर निकेलचा मुलामा. मुठीचा खालचा गट्टू फिरवला की वरची दोन दारं उघडतात, पत्ती आत ठेवायची, उलटा फिरवला की मिटतात. इतक्या वर्षांनी एक आटाही झिजलेला नाही.

डोक्याच्या खालच्या बाजूला काय कोरलंय ते पाहा. इंग्रजी सी, शेजारी तीनचा आकडा. अमेरिकेत बनलेल्या जिलेट रेझरवर त्या काळी अक्षर वर्ष सांगायचं आणि आकडा तिमाही. ए म्हणजे १९५५, बी म्हणजे १९५६. म्हणजे हा १९५७च्या तिसऱ्या तिमाहीतला. तो बाजारातल्या गोणपाटावर पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाढी झाली.

[हिरवं वेष्टन. मिशीवाल्या माणसाचं चित्र.]

हे चित्र किंग कॅम्प जिलेट यांचं. वेष्टनावर त्यांचा चेहरा आणि खाली सही. पत्ती बोथट झाली की धार लावत बसायचं नाही, नवी घालायची, ही कल्पना त्यांची. पण कागदासारख्या पातळ पोलादाला धार टिकेल असं पाणी कसं द्यायचं, हे कुणाला जमत नव्हतं. ते जमवलं विल्यम निकर्सन या अभियंत्यानं. १९०३मध्ये पहिल्या वर्षी विकले गेले अवघे ५१ रेझर आणि १६८ पत्त्या. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ला. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांच्या सामानात हा रेझर दिला आणि घरी परतलेल्या माणसांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली.

सुरुवातीच्या पत्त्यांना तीन भोकं होती. मधली लांब चीर १९३०च्या सुमाराची. तेव्हापासून आकार तोच: रुंदी २२ मिलिमीटर, जाडी एक दशांश मिलिमीटर. म्हणूनच आज कोपऱ्यावरच्या दुकानातली पत्ती १९५७च्या रेझरमध्ये जराही न अडता बसते. मला या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. हत्यार जुनं, पत्ती ताजी, आणि दोघांचं जुळतं.

[घर. अंगणातला नळ, आरसा, स्टूल.]

हे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. वडील मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे कामगारांचे मुकादम. १८७७मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या मागोमाग या गावात मिल उभ्या राहत गेल्या, आणि भोंग्यावर गाव उठायचं. पहिल्या पाळीला जाण्याआधी वडील याच जागी बसून दाढी करायचे. हा रेझर त्यांचा.

[निवेदन नाही. पंधरा सेकंद. हात, डबी, रेझर.]

सर पत्ती कशी बसवतात बघा. बोटं आखूड कडांना, धारेला नाही. वरचं झाकण, मधली पत्ती, खालची पट्टी, मग मूठ आवळायची. हा तीन तुकड्यांचा.

आता कोन. आधी रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवायचं, मग मूठ हळूहळू खाली आणायची. पत्ती केसाला भेटली की आवाज येतो, तिथं थांबायचं. साधारण तीस अंश. आणि जोर लावायचा नाही. प्लास्टिकच्या रेझरनं आपल्याला दाबायची सवय लावली. इथं रेझरचं वजनच काम करतं, हात फक्त वाट दाखवतो. दाबलं की कापलंच.

[आवाज मोठा: खुंटावरून जाणारी पत्ती.]

पहिला हात सुलटा, केस ज्या बाजूला झुकलेत त्या बाजूनं. पुन्हा फेस. दुसरा हात आडवा. ज्याची कातडी सोसेल त्यानं तिसरा, उलटा. गळ्यावर केसांची दिशा फिरलेली असते, काहींच्या तर भोवराच असतो, म्हणून सर आधी बोट फिरवून चाचपतात. घाटीवर येताना ते आवंढा गिळून थांबतात. घाटी वर जाते, कातडी ताणली जाते, तेवढ्यात एक हलका हात.

मग गार पाणी, आणि तुरटी. ओल्या गालावर खडा फिरवायचा. झोंबली तर समजायचं तिथं हात जड पडला. तुरटी रक्त थांबवते आणि चूकही दाखवते.

[तारेवर वाळणारे टॉवेल. सकाळचं ऊन.]

आणि टॉवेल इथलाच. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. गरम पाण्यात पिळून अण्णा तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवतात, तेव्हा त्याच्या सुताचे उभे फासे पाणी आणि ऊब धरून राहतात. पेठेत विणलेला टॉवेल पेठेतल्याच दुकानात तोंडावर येतो.

[रस्ता. पाट्या: ट्रिमर, फोम.]

वाटी-ब्रश ठेवणारी दुकानं कमी होत चाललीत. प्लास्टिकचे रेझर कचऱ्यात जातात, त्यातलं पोलाद आणि प्लास्टिक सहजी वेगळं काढता येत नाही.

[पुन्हा दुकान. खुर्चीत मिसरूड फुटलेला मुलगा.]

हा पहिल्यांदाच आलाय. वडील बाकावर बसलेत. अण्णांनी वाटी घेतली, झाकणाच्या कळशीतलं पाणी घेतलं, फॅन बंद केला.

[थेट आवाज.]

"उलटा हात पण मारा की, अण्णा."

"पहिली दाढी सुलटीच करायची. मान वर कर."