पापणीवरची गाठ : शेकायची कधी, दाखवायची कधी

नमस्कार मंडळी. मघाशी चहा घेताना एक मावशी भेटल्या, वरच्या पापणीवर गाठ आणि त्यावर पिवळा लेप. म्हटलं हे काय, तर म्हणाल्या हळद आहे, आपल्या सांगलीचीच. आता सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण डोळ्याजवळ ती नको. कण आत गेले की बुबुळाला टोचतात, मग गाठ राहते बाजूला आणि लाल डोळ्याचं दुखणं मागं लागतं. लवंग उगाळून लावणं, खारकेची बी, लसूण, सगळ्यांना हेच सांगतोय.

गाठ येते कशी ते आधी बघू. पापणीच्या काठाला, केसांच्या जरा मागं, बारीक भोकांची ओळ असते, ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30. हे तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळा लगेच कोरडा पडत नाही. आता थंडीत खोबरेलाची बाटली कशी थिजते, तसं हे तेल घट्ट झालं की तोंड बंद होतं, मागं तेल साठत राहतं आणि गाठ धरते. ही गाठ सहसा दुखत नाही, हाताला मटारासारखी टणक लागते, डॉक्टर तिला कॅलेझियन म्हणतात. रांजणवाडी वेगळी, तिच्यात जंतू शिरलेले असतात, म्हणून ती ठणकते, लाल होते आणि टोकाला पू दिसतो.

पण पहिला उपाय दोन्हींना एकच, शेक. थिजलेलं खोबरेल आपण उन्हात ठेवतो ना, तेच. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, आधी मनगटावर लावून बघायचा आणि मग मिटलेल्या डोळ्यावर ठेवायचा. रुमाल एक-दोन मिनिटांत गार होतो आणि लोक तिथंच उठतात, म्हणून म्हणतात शेकून काही झालं नाही. परत बुडवा, परत ठेवा, असं 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग हात धुऊन बोटानं हळू मसाज, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे केसांच्या दिशेनं, पण रांजणवाडी ठणकत असेल तर मसाज नको, नुसता शेक. फोडायची अजिबात नाही. काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स बंद, टॉवेल वेगळा. रांजणवाडी बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत जाते, गाठीला महिना-दोन महिनेही लागतात. नाहीच गेली तर पापणी बधिर करून आतल्या बाजूनं छोटा छेद देतात, बाहेर व्रण दिसत नाही आणि त्याच दिवशी घरी.

मेडिकलमधून मनानं ड्रॉप आणू नका, ही माझी हात जोडून विनंती. त्यात स्टेरॉइड असलं की दोन दिवस बरं वाटतं, मग तीच बाटली महिनोन्महिने चालू राहते, आतला दाब वाढतो आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही.

आता थांबायचं नाही असं कधी? अख्खी पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखतंय, डोळा पुढं आल्यासारखा वाटतोय किंवा अंधुक दिसतंय, तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी. यात संसर्ग डोळ्याच्या खोबणीत गेलेला असू शकतो, आणि लहान मुलांत तो फार लवकर वाढतो. लहान मुलाची मोठी गाठ न दुखतासुद्धा त्रास देते, बुबुळावर दाब पडून नंबर येतो, पापणी खाली येऊन डोळा झाकला गेला तर नजर आळशी होते.

आणि आज मी खरं तर ज्यासाठी आलोय ते. माझ्या आत्याला साठीनंतर पापणीवर गाठ आली, काढली. सात-आठ महिन्यांनी त्याच जागी परत आली, परत काढली, दोन्ही वेळा काढलेला तुकडा टाकून दिला. तिसऱ्या वेळी तिथले केस गळायला लागलेले. तेव्हा तपासणी झाली आणि ती तेलग्रंथीचा कॅन्सर निघाली. पाश्चात्त्य देशांत हा पापणीचा कॅन्सर क्वचित दिसतो, आपल्याकडे त्या मानानं बराच दिसतो, आणि सुरुवातीला हुबेहूब साध्या गाठीसारखाच असतो. म्हणून वय झालेल्या माणसाची गाठ त्याच जागी परत आली, केस गळाले, रक्त आलं किंवा खपली धरून बरीच होईना, तर डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, "तुकडा बायोप्सीला पाठवा." विचारायला लाजू नका, आत्याच्या वेळी आमच्यातल्या कुणीच विचारलं नाही.

एका काकांनी चिठ्ठी दिलीय, रांजणवाडी सारखी सारखी येते. काका, एकदा साखर तपासून घ्या आणि पापणीच्या काठाला कोंडा साठतो का तेही दाखवा. मी टॉर्च आणलाय, ज्यांना गाठ आहे त्यांनी इथंच थांबा, मावशी, तुम्ही पहिल्या या, आधी ती हळद पुसून घेऊ.