आठ मतांचा विजय

श्रोतेहो, नमस्कार. पक्ष फुटलेला नाही, पण आतून दुभंगलेला आहे, अशा वेळी उमेदवारी कुणाला मिळणार हे छातीठोकपणे सांगणाऱ्या भल्याभल्यांचं हसं होतं. अमेरिकेत २०१२ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षात हेच झालं. समोर तेव्हाचे अध्यक्ष ओबामा, आणि घरात चार चुली. एकीकडे उद्योगपती, दुसरीकडे चर्चला मानणारे, तिसरीकडे कर आणि सरकारी खर्च कापा म्हणणारे टी पार्टीवाले, आणि चौथीकडे सरकारचा हात सगळीकडून काढा म्हणणारे रॉन पॉल यांचे तरुण.

ऑगस्ट २०११ मध्ये खासदार मिशेल बाकमन यांची हवा. मग टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी. नोव्हेंबरच्या एका वादसभेत पेरी म्हणाले, मी तीन सरकारी खाती बंद करणार. दोन सांगितली, तिसरं काही केल्या आठवेना! शेवटी ‘ऊप्स’ म्हणून मोकळे झाले. मग पिझ्झावाले हर्मन केन, मग संसदेतल्या कनिष्ठ सभागृहाचे माजी सभापती न्यूट गिंगरिच. आता मला विचाराल, तर तीस सेकंदांत फटाफट उत्तरं देणारा माणूस चांगला कारभारी असतोच असं नाही. आपल्याकडच्या रात्रीच्या चर्चा पाहून तर माझं हे मत आणखी पक्कं झालंय. असो. या सगळ्यांत मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉम्नी मात्र टिकून होते. जीव ओवाळून टाकावा असं त्यांच्याबद्दल फार कुणाला वाटत नव्हतं, पण पैसा होता, संघटना होती.

आता मला खरी सांगायची आहे ती गोष्ट आयोवा या राज्याची. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत मतदान होतं, आणि त्या वर्षी सुरुवात आयोवापासून झाली. ३ जानेवारी २०१२. तिथे कॉकस, म्हणजे पक्षाच्या लोकांची मतदानाची सभा असते. लोक संध्याकाळी शाळेत, चर्चमध्ये जमतात, चार भाषणं ऐकतात आणि कागदाच्या चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव लिहितात. रिक सॅन्टोरम नावाचे माजी सिनेटर. खिशात पैसे नाहीत, पण एका समर्थकाच्या पिकअप गाडीतून हिंडत त्यांनी आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या, म्हणजे जिल्हे, पालथ्या घातल्या होत्या. त्या रात्री मोजणी अशी चालली की कधी हा पुढे, कधी तो. मध्यरात्र उलटून गेली, आणि पक्षाने जाहीर केलं: रॉम्नी विजयी. कितीने? आठ मतांनी. सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली, आणि फरक आठ मतांचा!

झालं, रॉम्नींची गाडी सुसाट सुटली. १० जानेवारीला न्यू हॅम्पशायरही त्यांनी जिंकलं. अध्यक्षपदावर नसलेला रिपब्लिकन ही दोन्ही राज्यं पहिल्यांदाच जिंकतोय, असे मथळे झळकले.

इकडे आयोवातल्या मोल्टन या छोट्या गावातला एक गृहस्थ अस्वस्थ. आपल्या केंद्रावरची मोजणी त्याने डोळ्यांनी पाहिलेली, आकडे टिपून घेतलेले. रॉम्नींना पडली होती दोन मतं. पक्षाच्या यादीत होती बावीस. दोनाची झाली बावीस! तो टीव्हीवर जाऊन बोलला. पुढे सगळ्या केंद्रांचे कागद तपासले गेले आणि १९ जानेवारीला आकडे आले: सॅन्टोरम २९,८३९, रॉम्नी २९,८०५. म्हणजे सॅन्टोरम चौतीस मतांनी पुढे. त्यातही आठ केंद्रांचे प्रमाणित कागद सापडलेच नाहीत. पक्ष आधी म्हणाला, विजेता कुणीच नाही. मग एक-दोन दिवसांत म्हणाला, सॅन्टोरम. पण तोवर वरात पुढे निघून गेली होती. २१ तारखेला साउथ कॅरोलायनात तिसराच जिंकला, गिंगरिच. तीन राज्यं, तीन विजेते.

लक्षात घ्या, त्या सोळा दिवसांत देणग्या, मथळे, पाठिंबे, सगळं आठ मतांच्या विजयाला मिळालं. चौतीस मतांच्या विजयाला मिळाली आतल्या पानावरची बातमी.

आणि अजून संपलं नाही. उमेदवारावर शेवटचं शिक्कामोर्तब करतात ते पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे राज्यांचे प्रतिनिधी. त्या चिठ्ठ्यांनी आयोवाचे प्रतिनिधी बांधले जात नव्हते. ते नंतरच्या बैठकांमधून निवडले जायचे, आणि रात्री उशिरापर्यंत त्या बैठकांना बसून राहिले ते रॉन पॉल यांचे तरुण. ऑगस्टमध्ये टॅम्पाच्या अधिवेशनात आयोवाचे २८ प्रतिनिधी उभे राहिले, तेव्हा २२ मतं पडली रॉन पॉल यांना! कॉकसमध्ये पॉल तिसरे होते. उमेदवारी अर्थात रॉम्नींनाच मिळाली, आणि नोव्हेंबरात ते ओबामांकडून हरले.

२०१६ पासून आयोवाचे रिपब्लिकन प्रतिनिधी कॉकसच्या आकड्यांना बांधील झाले. सॅन्टोरम तेव्हाही उभे होते, पण त्यांना एक टक्काही मतं पडली नाहीत. बातम्यांची वेळ झाली. नमस्कार.