अंगावर काढलेला आजार

[दृश्य: नळाखाली धरलेला हात, अगदी जवळून]

पाणी नुसतं गार आहे. तरी बोटांची टोकं पांढरीफटक पडली. थोड्या वेळानं ती निळसर होतील, मग लाल, मग मुंग्या येतील. काही वेळात हात पुन्हा होता तसा. डॉक्टरांच्या खोलीत पोहोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही.

ल्युपसचं बरंचसं असंच असतं. जंतूंवर धावून जायची ती प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. आज सांधे धरतात, चार महिन्यांनी केस गळतात, मग तोंडात फोड, मग अंगात कसकस. दहा रुग्णांमागे नऊ बायका, आणि बहुतेकींना तो गाठतो १५ ते ४५ या वयात. शिक्षण, नोकरी, बाळंतपण, घर, सगळं अंगावर पडलेलं असतं तेव्हाच.

‘अंगावर’ हा शब्द आलाच आहे, तर त्याचंही सांगून टाकू. आजार अंगावर काढला, असं आपण म्हणतो. म्हणताना आवाजात थोडं कौतुक असतं. ते नसतं तर बरं झालं असतं. रोज थकणारी बाई थकले म्हणाली, तर ते लक्षण आहे असं कुणाला वाटत नाही. तिला स्वतःलाही नाही.

[दृश्य: जाडजूड फाईल, वेगवेगळ्या रंगांचे कागद]

ल्युपस आहे की नाही, हे एका तपासणीत कळत नाही. एएनए ही रक्ताची तपासणी बहुतेक सगळ्या रुग्णांत पॉझिटिव्ह येते, पण ती धडधाकट माणसांतही येऊ शकते. तेव्हा सांधे, कातडी, रक्त, लघवी यांचे तुकडे कुणीतरी एकत्र मांडून पाहावे लागतात. ते काम मुख्यतः संधिवाततज्ज्ञाचं. त्यांच्यापर्यंत पोहोचायला आधी कुणीतरी पाठवावं लागतं, आणि फाईल हरवून चालत नाही. काम बदललं, घर बदललं, डॉक्टर बदलले की गोष्ट पुन्हा पहिल्या पानापासून.

त्यात रंगाचा प्रश्न. गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा, ही ल्युपसची पुस्तकी खूण. सावळ्या-काळ्या कातडीवर तो लाल दिसतोच असं नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसतो. पुस्तकांतले फोटो वर्षानुवर्षं बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांचे होते. विद्यार्थी जे पाहून शिकले, तेच पुढे शोधत राहिले.

[दृश्य: प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेली लघवीची बाटली, वर फेस]

हा फेस नीट बघा. मूत्रपिंडाला सूज आली की प्रथिनं लघवीत उतरतात, आणि लघवी फेसाळते. दुखत मात्र काही नाही. पाय सुजेपर्यंत पुष्कळदा काही जाणवतही नाही. तोवर बरीच हानी होऊन गेलेली असू शकते. वेळेत पकडायचं तर लघवी आणि रक्त दर काही महिन्यांनी तपासत राहायचं, बरं वाटत असलं तरी.

तपासणी एकवेळ स्वस्त मिळेल. तिच्यासाठी लागणारा दिवस कुठून आणायचा? एक दिवस रक्त द्यायला, एक रिपोर्ट आणायला, एक डॉक्टरांना दाखवायला. पगारी रजा असणारीला ही गैरसोय वाटते. जिचा दिवस भरला तरच पैसे मिळतात, तिला तीन दिवस बुडाले. आणि तेही काही दुखत नसताना!

१९५०च्या दशकात ल्युपसच्या निदानानंतर पाच वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण जिवंत असत. आज उपचार नीट मिळाले, तर दहा वर्षांनीही शंभरातले साधारण नव्वद असतात. सगळी मेख ‘नीट मिळाले तर’ या शब्दांत आहे.

अमेरिकेत १९९४ साली ‘ल्युमिना’ नावाचा अभ्यास सुरू झाला. अलाबामा, टेक्सास आणि पोर्तो रिको इथले रुग्ण त्यात होते. प्रश्न होता, आजाराचा फरक रक्तातून येतो की परिस्थितीतून? जनुकांचा वाटा दिसलाच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण कोण दगावतं हे पाहताना गरिबी ठळकपणे पुढे आली. नंतर सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ल्युपसच्या दुसऱ्या एका गटातल्या रुग्णांना वर्षानुवर्षं विचारत राहून आणखी एक गोष्ट पाहिली: जे गरिबीतून बाहेर पडले, त्यांच्या अवयवांची हानी गरिबीतच राहिलेल्यांपेक्षा कमी झाली. एवढा परिणाम गोळीनं दाखवला असता, तर तिची जाहिरात झाली असती.

[दृश्य: गोळ्यांची डबी. वरचं लेबल खरवडून काढलेलं]

गोळीचं नाव हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. मूळची हिवतापाच्या घराण्यातली, आणि १९५५ पासून ल्युपसमध्ये वापरात. आजार उसळू नये म्हणून ती बहुतेक सगळ्यांना, बहुधा कायमची. मात्र तिचा गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. स्टेरॉइडनं दोन-तीन दिवसांत बोटं वळायला लागतात. सोमवारी कामावर उभं राहायचं असेल, तर कुणी काय निवडेल? स्टेरॉइड वाईट नाही. मूत्रपिंडावर हल्ला होतो तेव्हा तेच वाचवतं. पण डोस कमी करायला बोलावलं आणि यायला जमलं नाही, की ते चालूच राहतं. मग हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. चेहरा सुजला की आजार लपत नाही, आणि तो लपवण्यासाठीच तर लेबल खरवडलेलं असतं.

२०२० च्या मार्चमध्ये हीच गोळी कोरोनावर चालते अशी हवा झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २८ मार्चला आणीबाणीतल्या वापराची परवानगी दिली आणि १५ जूनला ती मागे घेतली. मधल्या काळात गोळी दुकानांतून गायब झाली होती. जे वर्षानुवर्षं तिच्यावर जगत होते, ते उरलेल्या गोळ्या मोजत बसले.

नव्या औषधांचं थोडक्यात: १९५५ नंतर अमेरिकेत खास ल्युपससाठी पुढचं औषध, बेलिमुमॅब, मंजूर झालं ते २०११ मध्ये. मध्ये ५६ वर्षं. हा आजार मुख्यतः बायकांचा आहे, हे इथे नुसतं नोंदवून ठेवतो.

चिठ्ठीवर आणखीही काही लिहिलेलं असतं. ऊन टाळा. उन्हानं आजार उसळतो, हे खरंच आहे. पण ज्याचं कामच उन्हात, त्यानं काय टाळायचं? मूल हवं असेल तर आजार निदान सहा महिने शांत असू द्या, आणि मायकोफेनोलेट हे ल्युपसवरचं औषध चालू असताना दिवस जाऊ देऊ नका, कारण ते गर्भाला घातक आहे. सल्ला अचूक आहे. फक्त दिवस कधी जावेत हे ठरवणं बाईच्या हातात आहे, असं त्यात धरून चाललेलं आहे.

आणि शेवटी प्रश्न येतो, गोळ्या नियमित घेता ना? यावर सगळे ‘हो’ म्हणतात. काही डॉक्टर आता वेगळं विचारतात: महिन्यातल्या किती राहिल्या, आणि कशामुळे राहिल्या? तेव्हा कुणी सांगतं, दुकान बंद व्हायच्या आत कामावरून सुटका होत नाही. कुणी म्हणतं, सासूसमोर घेता येत नाही.

[दृश्य: दवाखान्याबाहेरचं बाकडं]

नंबर २३ चालू आहे. तिचा ४१. आत एसी आहे, म्हणून तिनं हातमोजे घातलेत. पर्समध्ये फाईल आहे, आणि फोनमध्ये पांढऱ्या बोटांचे सात फोटो. हल्ली बोटं पांढरी पडली की ती आधी फोन काढते. सातही फोटोंवर तारीख आहे.